शेवट कडू होता, तक्रार ती नाही

2025च्या अखेरीस 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही अमेरिकी मालिका संपली आणि जुने भांडण पुन्हा उकरून निघाले: वर्षानुवर्षे चाललेल्या मालिकेचा शेवटचा सीझन आधीच्या सीझनांच्या तोडीचा उतरतो का? भांडण कुठल्याही मालिकेवरून सुरू होवो, पाच मिनिटांत ते 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या, म्हणजे सिंहासनासाठी झुंजणाऱ्या काल्पनिक घराण्यांच्या मालिकेच्या, आठव्या आणि शेवटच्या सीझनवर येते. फोंड्यात नाटकाची तालीम आटोपल्यावर, मडगावात वाचनालयाच्या पायऱ्यांवर, पणजीला इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या रांगेत, सगळीकडे मी हे ऐकत आलो आहे. एका गटाचे म्हणणे असे की ड्रॅगनवाल्या राणी डेनेरिसला वेडी ठरवली, नायक जॉनला उत्तरेला हाकलला आणि राजा कोण केला, तर अपंग ब्रॅनला, सगळा सत्यानाश. दुसरा गट म्हणतो, तुम्हाला गोड शेवट हवा होता, तो मिळाला नाही म्हणून आदळआपट करता. मालिका 19 मे 2019 रोजी संपली. इतकी वर्षे लोटली तरी दोन्ही गट जागचे हलायला तयार नाहीत.

माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी लढला जातो. दोघेही शेवटी काय घडले यावर हमरीतुमरीवर येतात. ते कसे घडवले याकडे कुणी बघत नाही. शेवटचा सीझन तोडीचा आहे की नाही हे ठरवायला मी एकच माप वापरतो: आधीच्या सीझनांनी प्रेक्षकाला जे नियम शिकवले, ते शेवटच्या सीझनने स्वतः पाळले का? या मापाने आठवा सीझन कमी पडतो, बराच कमी पडतो. शेवट कडू आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तो शेवट मला पटतो. तिथवर पोचण्याचे कष्ट घेतले नाहीत, ही माझी तक्रार आहे.

ते नियम कोणते होते? पहिला सीझन आठवा. उत्तरेचा सरदार नेड स्टार्क याला राणी सर्सीचे गुपित कळते, की तिची मुले राजाची नसून तिच्याच भावाची, जेमीची आहेत. राजाला सांगण्याआधी तो तिलाच जाऊन सांगतो, मुलांना घेऊन पळून जा म्हणतो, कारण त्याला तिच्या लेकरांची दया येते. त्या दयेपायी नवव्या भागात भर चौकात त्याचे डोके उडते. नायक वाटलेला माणूस पहिल्याच सीझनमध्ये मेला, याचे कौतुक सगळ्यांनी केले. पण त्या मरणाचा धागा मागे खेचत गेलात तर तो त्याच्याच स्वभावापर्यंत जातो, हे खरे कौतुक. नेडची बायको कॅटलिनने वाटेतल्या खानावळीत जेमीच्या धाकट्या भावाला, टिरियनला धरले, म्हणून जेमीने राजधानीत नेडवर हल्ला केला, म्हणून युद्ध पेटले. नेडचा मुलगा रॉबने फ्रे घराण्यातल्या मुलीशी लग्न करण्याचा शब्द मोडला, म्हणून तिसऱ्या सीझनमध्ये लग्नाच्या मांडवात त्याचा, त्याच्या बायकोचा आणि आईचा मुडदा पडला. प्रत्येक कृत्याला फळ होते आणि प्रत्येक अंतराला वेळ लागत होता. राजा रॉबर्ट पहिल्या भागात नेडच्या विंटरफेलला येतो तो महिनाभर प्रवास करून. दुसरा कुणी सांगितला नसता इतका साधा नियम या मालिकेने आपल्याला शिकवला: इथे कुणालाही लेखकाची माया वाचवणार नाही आणि लेखकाची घाईही मारणार नाही.

आता विरोधी बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो, कारण ते बरेच आहे. डेनेरिसचे क्रूर होणे आकाशातून पडलेले नाही. दुसऱ्या सीझनमध्ये, हातात काही नसताना, तिने शहरे जाळून टाकण्याची धमकी दिली होती. चौथ्या सीझनमध्ये मीरीन शहराच्या 163 धनिकांना तिने खांबांवर खिळवले, सातव्यात टार्ली बापलेकाला ड्रॅगनच्या आगीत उभे जाळले. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, कारण मरणारे आपल्याला आवडत नव्हते. आपल्या त्या टाळ्यांचा जाब शेवटी आपल्यालाच विचारायचा, ही कल्पना अव्वल दर्जाची आहे. ती सुचणाऱ्याला माझा नमस्कार. आठव्या सीझनचा दुसरा भाग, मेलेल्यांच्या फौजेशी होणाऱ्या लढाईच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा, संपूर्ण मालिकेतल्या उत्तम भागांत बसेल. भाग सहाच असले तरी तिसरा 82 मिनिटांचा आहे आणि पुढचे तिन्ही ऐंशीच्या आसपास, म्हणजे एकूण वेळ सव्वासात तासांच्या घरात जातो. लढाईच्या चित्रीकरणासाठी माणसांनी 55 रात्री उघड्यावर काढल्या. संगीत, वेशभूषा, अभिनय, यांत खोट काढायला जागा नाही. एमी पुरस्कारांत या सीझनला 32 नामांकने मिळाली आणि 12 पुरस्कार, त्यांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचाही.

पण त्याच वर्षी शेवटच्या भागाला लेखनाचे नामांकन होते आणि लेखनाचा पुरस्कार दुसऱ्याच मालिकेला गेला. पुरस्कारांवरून काही सिद्ध करायचेच असेल तर एवढेच होते की हात कसलेले होते, संहिता अपुरी होती. अन् नेमकी तिथेच माझी तक्रार आहे. आधीच्या सीझनांत डेनेरिसच्या स्वभावाचा एकेक थर चढायला दहा-दहा भाग मिळाले. इथे चौथ्या भागात तिचा ड्रॅगन पडतो, तिची सखी मिसांडे मारली जाते, आणि पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा वाजत असताना ती गल्ल्यांतून धावणाऱ्या बायकापोरांना जाळत सुटते. बीज होते आणि फळही होते, मधले झाड कुठे गेले? ज्या मालिकेने एका पित्याला एका दयेची किंमत नऊ भाग लावून मोजायला लावली, तिने लक्षावधींच्या कत्तलीचे कारण एका चेहऱ्याच्या क्लोज-अपवर सोपवावे? डेनेरिस झालेल्या एमिलिया क्लार्कने त्या क्लोज-अपमध्ये जे करता येईल ते सगळे केले आहे. लेखकाचे काम नटीच्या डोळ्यांवर टाकले की नटी मोठी दिसते, लिखाण मात्र तेवढेच राहते.

बचावपक्षाचे सगळ्यात लाडके वाक्य म्हणजे 'लोकांना गोड शेवटच लागतो'. हे आपल्याकडच्या प्रेक्षकाबद्दल तरी धादांत खोटे आहे. 1987 साली, गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी म्हापशाच्या बाजारापासून काणकोणच्या वाड्यांपर्यंत लोक ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर जमू लागले. 1988च्या जुलैअखेरीस राज्याभिषेक झाला आणि मालिका थांबली. याहून गोड शेवट कुठला? तरी त्यावर आंदोलन झाले. जालंधरमध्ये वाल्मीकी समाजातले सफाई कामगार संपावर गेले आणि ती मागणी उत्तर भारतात पसरली. मागणी अशी की कथा इथे संपत नाही. सीता वाल्मीकींच्या आश्रमात आली, लव-कुश जन्मले, तेही दाखवा. म्हणजे रामायणातला सगळ्यात दुखरा भाग दाखवा म्हणून लोक रस्त्यावर उतरले. सरकारला नमावे लागले आणि उत्तररामायण वेगळी मालिका होऊन आले. त्या मागणीमागे एका समाजाचा आत्मसन्मान होता, निव्वळ मनोरंजनाची भूक नव्हती, हे मी विसरत नाही. पण सुखाच्या मुक्कामावर उतरलेल्या कथेला 'अजून हिशेब बाकी आहे' असे प्रेक्षकाने सांगितले, हेही तितकेच खरे. मग कडू शेवट प्रेक्षकाला पचत नाही, हे कशाच्या जोरावर बोलायचे?

महाभारताचे तर काय सांगावे! युद्धाची रणधुमाळी आणि त्यानंतरची ती रात्रीची कत्तल संपते तेव्हा अठरा पर्वांतली आठ पर्वे उरलेली असतात. जिंकणाऱ्यांना जिंकल्याची किंमत मोजायला व्यासांनी आठ पर्वे दिली. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला शाप देते, आणि छत्तीस वर्षांनी यादव प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपतात. कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने जातो. ज्या अर्जुनापुढे कुरुक्षेत्र थरथरले, त्याला वाटेवरच्या लुटारूंपासून बायकांचे रक्षण करता येत नाही, कारण गांडीव आता त्याचे ऐकत नाही. जगातल्या कुठल्याही मालिकेने आपल्या नायकांचा याहून कठोर शेवट केलेला नाही. तो आपण शतकानुशतके ऐकतो, कारण प्रत्येक तडाख्यामागे कधीतरी केलेली कृती आहे. दूरदर्शनवरचे 'महाभारत' 94 भागांनी 1990 मध्ये भीष्मांच्या देहत्यागापाशी थांबले आणि ही पुढची राख त्याने वगळली. मला ते तेव्हाही अपुरे वाटले होते. सोयीच्या जागी थांबणे ही एक पळवाट, आणि गैरसोयीच्या जागी धावत सुटणे ही दुसरी. आठव्या सीझनने दुसरी धरली.

दुसरा बचाव धक्क्याचा. अंदाज चुकवला हीच तर कला, असे हल्ली फार ऐकू येते. नेडची मुलगी आर्या हिने मेलेल्यांच्या फौजेचा राजा नाइट किंग याला मारले तेव्हा तर उठताबसता. पेडण्यात किंवा डिचोलीत जत्रेच्या रात्री दशावतारी काला बघायला बसलेल्या म्हातारीला विचारा. राक्षस मरणार हे तिला पहिल्या पडद्यापासून ठाऊक असते, आख्यान तिने दहादा बघितलेले असते, पहाटे दहीकाला होणार हेही ठरलेले असते. तरी ती थंडीत शाल लपेटून शेवटपर्यंत जागी राहते, कारण तिला बघायचे असते ते राजाचे काम करणारा नट संहितेशिवाय, स्वतःच्या जिभेवर, त्या ठरलेल्या मरणापर्यंत युक्तिवादाच्या कुठल्या वाटेने जातो. त्याने मधले चार मुद्दे गाळून तलवार उपसली तर दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा होते की अमक्याने काम उरकले. शेवट ठाऊक असूनही ज्याला तो पुन्हा बघावासा वाटतो, तो प्रेक्षक धक्क्यासाठी आलेला नसतो. नाट्यशास्त्रानेही पाच संधींतल्या, म्हणजे कथानकाच्या टप्प्यांतल्या, शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे म्हटले आहे. म्हणजे शेवटी थक्क करायला भरतमुनींची ना नाही. पण त्याच संधीचे काम सांगितले आहे ते पहिल्या, मुखसंधीत पेरलेल्या बीजापासूनचे सगळे विखुरलेले अर्थ एका ठिकाणी आणण्याचे. आर्याला मारेकऱ्याची विद्या येते हे पेरलेले होतेच. पण नाइट किंग कोण, त्याला काय हवे होते, ब्रॅनमध्ये त्याला एवढे स्वारस्य का, हे पहिल्या भागाच्या पहिल्या दृश्यापासून लोंबकळत ठेवलेले प्रश्न त्या सुऱ्याने संपवले, सोडवले नाहीत.

मग येतो मूळ लेखकाचा दाखला. शेवटाचे मुख्य टप्पे जॉर्ज मार्टिन यांनीच निर्मात्यांना सांगितले होते, मग दोष कसला? हा मुद्दा वजनदार वाटतो, पण आधीपासून ठरलेला शेवट चांगला असेलच असे नाही, याचा धडधडीत पुरावा उपलब्ध आहे. 'हाउ आय मेट युअर मदर' ही अमेरिकी विनोदी मालिका 2005 ते 2014 चालली. शेवटच्या प्रसंगातली, बापाची गोष्ट ऐकणाऱ्या मुलांची प्रतिक्रिया सुरुवातीच्या काळातच चित्रित करून ठेवलेली होती, कारण मुले वाढली असती. आठ वर्षांत कथा मात्र वेगळ्या दिशेने वाढली. पात्रे बदलली, नवी नाती खरी वाटू लागली, आणि संपूर्ण नववा सीझन ज्या लग्नाभोवती फिरवला ते लग्न शेवटच्या तासाभरात मोडून जुन्या फितीला जोडले. निर्माते शेवटाशी प्रामाणिक राहिले आणि कथेशी बेइमान झाले. उलट बाजूला 'ब्रेकिंग बॅड' बघा. शेवटच्या सीझनच्या पहिल्याच भागात नायक वॉल्टर व्हाइट गाडीच्या डिकीत मशीनगन घेतो. ती कशासाठी, हे लिहिणाऱ्यांना तेव्हा स्वतःलाच ठाऊक नव्हते, असे मालिकेचे निर्माते विन्स गिलिगन यांनी पुढे सांगितले. त्यांनी ते उत्तर शोधले, वॉल्टरच्या स्वभावात शोधले, आणि 2013 मध्ये मालिका संपली तेव्हा त्या बंदुकीचा हिशेब चुकता झालेला होता. शेवट आधी ठाऊक असणे किंवा नसणे यावर काही अवलंबून नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण आम्हा गोव्यातल्या नाटकवाल्यांना हा रोग जवळून माहीत आहे. देवळाच्या उत्सवातले गावचे नाटक. दोन महिने तालमी झालेल्या असतात. रात्री दहाचा खेळ. पण पाहुण्यांचे सत्कार, देणगीदारांची नावे, आभार, असे करता करता पडदा उघडायला बारा वाजतात. तिसऱ्या अंकाला पहाट जवळ येते, पालखीची वेळ ठरलेली, आणि विंगेतून निरोप येतो की पश्चात्तापाचा प्रवेश गाळा, थेट शेवट घ्या. अशाच एका खेळात ज्याने तो प्रवेश जीव लावून बसवला होता त्या नटाचा चेहरा मी बघितला आहे. तो मुकाट्याने शेवटच्या पानावर गेला, भावाच्या पाया पडला, टाळ्याही पडल्या. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारले, 'अरे, हो सुदारलो केन्ना?' त्यांना शेवट नापसंत नव्हता. दुष्ट भाऊ सुधारावा ही त्यांचीही इच्छा होती. तो कधी सुधारला, एवढेच त्यांना कळले नव्हते.

गावच्या मंडळींना पालखीची सबब होती. 'गेम ऑफ थ्रोन्स'ला कसली होती? पुस्तके संपली होती हे खरे; मालिकेचा आरंभ 2011 साली झाला आणि मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंडही त्याच वर्षी आला, सहावा अजून आलेला नाही. पण म्हणून लेखकांना जास्त वेळ हवा की कमी? शिडी काढून घेतल्यावर माणूस सावकाश उतरतो. वाहिनीची आणखी भागांना ना नव्हती, हे निर्माते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी लपवलेले नाही. पहिल्या सहा सीझनांना प्रत्येकी दहा भाग, सातव्याला सात, आठव्याला सहा, ही कात्री त्यांनी स्वतः चालवली. मिनिटांची बेरीज इथे उपयोगाची नाही. लढाई तासभर चालली म्हणून माणूस बदलायला तासभर मिळाला असे होत नाही. सातव्या सीझनमध्येच उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडे अडकलेल्यांसाठी एक जण धावत परततो, पक्षी दक्षिणेला चिठ्ठी नेतो आणि डेनेरिस ड्रॅगन घेऊन वेळेवर हजर होते, तेव्हाच अंतराचा नियम मोडला होता. एकदा अंतर मोडले की कारण मोडायला कितीसा उशीर?

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. 73 भागांपैकी 67 चांगले, सहा बरे-वाईट. त्या सहांसाठी उरलेल्यांवर पाणी का सोडता? मैफलीत भैरवी जमली नाही म्हणून आधीचा राग वाया जातो का? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतून आल्या तिथल्या माणसाला हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. नाही, राग वाया जात नाही. यमन गाऊन झाला की झाला. त्याचे भैरवीकडे काही येणे नसते. कथेचे तसे नाही. कथेतला आधीचा प्रसंग पुढच्याकडे काही मागून ठेवतो. पहिल्या भागात जेमी लॅनिस्टर लहानग्या ब्रॅनला मनोऱ्यावरून ढकलतो; तिसऱ्या सीझनमध्ये त्याचा हात तुटतो; आपण हळूहळू त्याला माणूस मानू लागतो. त्या प्रवासाचा अर्थ तो कुठे पोचतो यावर लटकलेला असतो. म्हणून शेवटचे सहा भाग मागे जाऊन आधीच्या 67ना हात लावू शकतात. माझ्या ओळखीत अशी बरीच मंडळी आहेत ज्यांनी ही मालिका पहिल्यापासून परत बघायला घेतली आणि मध्येच सोडली. 'द सोप्रानोज' या माफियावरच्या मालिकेबाबत असे होताना मला दिसत नाही. ती 2007 मध्ये वाक्य अर्धे तुटावे तशी काळ्या पडद्यावर संपली, कित्येकांना केबल गेली असे वाटले, त्यांनी शिव्या घातल्या. पण मरण कुठल्याही क्षणी, कुठल्याही जेवणाच्या टेबलावर येऊ शकते, हा त्या मालिकेचा नियमच होता. शेवट न आवडणाऱ्यांनाही तो तिचाच वाटतो.

मला पहिल्या गटाचीही बाजू घ्यायची नाही. आठवा सीझन नव्याने करा, अशी ऑनलाइन याचिका निघाली आणि तिच्यावर 15 लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्यात माझी नाही आणि नसेल. प्रेक्षकाला निवाडा करण्याचा पूर्ण अधिकार आहे. कलम हातात घेण्याचा नाही. 1893 मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले तेव्हा वाचक खवळले, आणि दहा वर्षांनी त्याला होम्सला जिवंत करावे लागले. पुढे चांगल्या कथा मिळाल्या, नाही असे नाही. पण ते मरण तेव्हापासून खोटे झाले ते झालेच. ब्रॅन राजा झाला हा राग मला समजत नाही. ज्या मुलाला पहिल्या भागात ढकलले त्याच्यापाशी कथा संपावी, हे वर्तुळ सुंदर आहे. माझा प्रश्न वेगळा. शेवटच्या सभेत टिरियन म्हणतो की माणसांना जोडते ती गोष्ट, आणि ब्रॅनपेक्षा मोठी गोष्ट कुणाची आहे? पण पाचव्या सीझनमध्ये ब्रॅन एका दृश्यातही नव्हता. ज्याची गोष्ट सगळ्यांत मोठी, त्याला सबंध सीझनभर मालिकाच विसरली होती. त्या सभेत बसलेल्यांना ती गोष्ट कुणी, कधी सांगितली? राजा चुकला नाही, राजा ठरवण्याची रीत चुकली.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणारी आमची तरुण मंडळी या मालिका बघून लिहायला शिकतात, आणि त्यात काही गैर नाही. त्यांच्यातल्या एकाला मी नुकतेच म्हणताना ऐकले की शेवट कसाही केला तरी अर्धे लोक शिव्या घालणारच, तेव्हा फार विचार करू नये. वाद चुकीच्या जागी लढल्याचे हे नुकसान आहे. काय घडले यावरच सगळे भांडत राहिले, तर कसे घडवावे हे लिहिणाऱ्याच्या मनातून उतरते.

माझे म्हणणे एकाच पात्रावर तपासून बघा. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात, स्नानघराच्या वाफेत, हात तुटलेला जेमी ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला आपले खरे सांगतो. वेड्या राजाने राजधानीखाली जागोजागी हिरव्या आगीचे साठे पुरून ठेवले होते, सगळे शहर जाळायचा हुकूम दिला होता, आणि लाखो माणसे वाचवायला त्याचाच अंगरक्षक असलेल्या जेमीने त्याच्या पाठीत तलवार खुपसली. राजहत्यारा ही शिवी त्याने जन्मभर सोसली ती यासाठी. आता आठव्या सीझनचा पाचवा भाग. त्याच वेड्या राजाची मुलगी डेनेरिस तेच शहर जाळते आहे, ड्रॅगनच्या लाल ज्वाळांत मधूनच हिरवे स्फोट होत आहेत, म्हणजे ते पुरलेले साठे फुटत आहेत. दृश्य रंगवणाऱ्यांना आठवण होती. आणि जेमी त्याच शहरात आहे. सबंध मालिकेतले सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात न्याय्य वर्तुळ इथे पुरे होत होते: ज्याने हे टाळण्यासाठी आयुष्याची माती केली, त्याच्या डोळ्यांदेखत ते घडते आहे. त्याच्या तोंडी यावर एक वाक्य नाही. उलट याच भागात आधी तो भावाला सांगून चुकलेला असतो की सामान्य माणसांची मला कधी फारशी पर्वा नव्हती, आणि मग तो बहिणीच्या मिठीत दगडांखाली मरतो. तो सर्सीकडे परतला याला माझा विरोध नाही. व्यसनातून सुटलेला माणूस परत जातो, हे खरे आहे. पण स्नानघरातला तो माणूस या शहरात मरताना ते हिरवे स्फोट ऐकूही नयेत?

शेवटच्या भागात ब्रिएन राजरक्षकांच्या ग्रंथात जेमीचे अर्धवट राहिलेले पान पुरे करते. ते पान चौथ्या सीझनमध्ये आपण जवळजवळ कोरे बघितलेले आहे. तेव्हाचा राजा जॉफ्री याने त्यावरून जेमीची टर उडवली होती. आठव्या सीझनने जुना हिशेब प्रामाणिकपणे चुकता केला अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. तिथे ब्रिएन लिहिते की तो राजधानीचा विनाश टाळण्यासाठी दक्षिणेला गेला. त्याने काय करायला हवे होते हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी ते ब्रिएनच्या पानावर एका ओळीत लिहिले. पाचव्या भागात, जेमीवर, लिहिले नाही.